मैफल महाविद्यालयाच्या दारी : ‘स्पिक मॅके’ची पन्नास वर्षे

‘सोसायटी फॉर द प्रमोशन ऑफ इंडियन क्लासिकल म्युझिक अँड कल्चर अमंग्स्ट यूथ’ हे पूर्ण नाव फारसे कोणी उच्चारत नाही. देशभरातल्या महाविद्यालयांत ही संस्था ‘स्पिक मॅके’ म्हणूनच ओळखली जाते. १९७७ साली दिल्लीच्या आयआयटीत तिची सुरुवात झाली आणि २०२७ साली तिला पन्नास वर्षे पूर्ण होतात. पन्नाशी गाठणाऱ्या संगीतसंस्था आपल्याकडे कमी नाहीत. पण जिथे सभागृह मागण्यापासून सतरंज्या झटकण्यापर्यंतची सगळी कामे शिकणाऱ्या मुलामुलींनी केली, ती मुले तीन-चार वर्षांत पदवी घेऊन निघून गेली, त्यांच्या जागी नवी आली आणि तरीही काम थांबले नाही, अशी दुसरी संस्था चटकन आठवत नाही. विद्यार्थी या संस्थेला मदत करतात, असे म्हणणे पुरेसे नाही. त्यांचे हे काम हीच संस्था आहे. पुढचा सारा इतिहास त्याच नजरेने वाचावा.

बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखलीसारख्या तालुक्याच्या गावातून हा इतिहास लिहिण्याला एक कारण आहे. मोठ्या शहरातल्या मुलाला मैफल ऐकायची असेल तर ती कुठेतरी चालू असतेच. आमच्याकडे ती आणावी लागते. ती कशी आणायची, हे ज्या चळवळीने पन्नास वर्षे करून दाखवले, तिची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावी.

पूर्वपीठिका

शास्त्रीय संगीत राजदरबारातून सामान्य माणसापर्यंत आणण्याचे काम मराठी माणसांनी हिरिरीने केले. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते लोकांच्या आधारावर. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१६ साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली. बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री असताना, १९५२ साली, आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पं. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात उभ्या केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाची सुरुवात १९५३ ची.

या सगळ्या प्रयत्नांत श्रोता संगीताकडे जात होता. संध्याकाळी, तिकीट काढून, नाहीतर घरी रेडिओला कान लावून. कॉलेजात शिकणारा मुलगा मात्र यातून बहुतेक सुटलाच. त्याच्या वाट्याला वर्षातून एकदा स्नेहसंमेलन येई : एकांकिका, सिनेगीतांचा ऑर्केस्ट्रा, नकला आणि शेलापागोटे. स्नेहसंमेलनाने महाराष्ट्राला नट दिले, लेखक दिले, संयोजक दिले. त्याचे मोल मोठे आहे. पण तिथे राग फारसा पोचला नाही. देशातला मोठा नेता गेला की रेडिओवर दिवसभर सारंगी लागायची, त्यामुळे शास्त्रीय संगीत म्हणजे दुखवट्याचे संगीत, अशी समजूत एका अख्ख्या पिढीने मनात धरली.

आमच्या भागात तर नागपूर आकाशवाणी हाच आधार. भजनी मंडळे गावोगाव होती, आजही आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आणि गाडगेबाबांचे कीर्तन या वऱ्हाडाने डोळ्यांसमोर पाहिले, कानांनी ऐकले. चैत्रात चिखलीला रेणुकादेवीची यात्रा भरते. रात्र जागवून ऐकण्याची सवय इथल्या माणसाला होतीच. त्याच्यापुढे बसून कोणी तासभर एक राग उलगडून दाखवावा, असा योग मात्र क्वचितच.

१९७० चे दशक : रिकाम्या खुर्च्यांसमोर

डॉ. किरण सेठ हे खरगपूर आयआयटीचे यंत्र अभियंते. वडील प्रा. भोजराज सेठ त्याच आयआयटीत गणिताचे नामवंत प्राध्यापक. पुढे किरण सेठ अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेटसाठी गेले आणि नंतर बेल लॅब्जमध्ये काम करू लागले. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात त्यांनी डागर घराण्याची ध्रुपद मैफल ऐकली. ध्रुपदाचा आलाप अतिशय संथ असतो. एकेका स्वराभोवती गायक बराच वेळ रेंगाळतो, ताल येतो तो पुष्कळ नंतर. घाईच्या शहरात ऐकलेल्या त्या संथ गाण्याने तरुण संशोधकाच्या मनाचा ठाव घेतला. आपल्या देशातल्या आपल्या वयाच्या मुलांना हे का ऐकायला मिळत नाही, हा प्रश्न घेऊनच ते १९७६ साली भारतात परतले आणि दिल्लीच्या आयआयटीत शिकवू लागले.

पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, त्यांनी काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन कामाला सुरुवात केली. अभियांत्रिकीची मुले ती. वसतिगृहाच्या भिंतींवर हाताने लिहिलेले कागद चिकटवायचे, खोल्याखोल्यांत जाऊन सांगायचे, प्रत्येकाला समक्ष भेटून बोलवायचे. एवढे करूनही सुरुवातीच्या कार्यक्रमांना श्रोते अगदी थोडे. ज्या कलाकाराला ऐकायला परदेशात सभागृह भरते, त्याच्यासमोर त्याच्याच देशात रिकाम्या खुर्च्या, हे पाहून कोणाचाही धीर सुटला असता. या मंडळींनी दोन गोष्टी केल्या : खुर्च्या काढून टाकल्या आणि पुढचा कार्यक्रम ठरवला.

खुर्च्या काढण्याला फार अर्थ होता, असे मला वाटते. जमिनीवर मांडी घालून बसलेले पन्नास श्रोते एकमेकांजवळ सरकतात, कलाकाराच्या पुढ्यात येतात आणि तीच मैफल होते. पाचशे खुर्च्यांत विखुरलेले पन्नास श्रोते म्हणजे फसलेला कार्यक्रम. या साध्या बदलामुळे लहान गावातल्या कॉलेजला पुढे वाट मोकळी झाली, कारण सभागृह नसले तरी वर्गखोली चालते आणि वर्गखोली नसली तरी ग्रंथालयाचा व्हरांडा चालतो.

१९८० चे दशक : सर्किट आणि तिन्ही प्रहर

या दशकात काम दिल्लीबाहेर पडले. ज्यांनी आयआयटीत किंवा दिल्लीच्या कॉलेजांत पहिले कार्यक्रम केले होते ती मुले नोकरीला, पुढच्या शिक्षणाला वेगवेगळ्या शहरांत गेली आणि तिथे त्यांनी शाखा काढल्या. तिथे शाखा म्हणजे कार्यालय नव्हे. चार-सहा विद्यार्थी, एखादे प्राध्यापक, त्यांच्या घरची मंडळी आणि कोणाच्या तरी घरचा फोन. कुठल्या कामाचे श्रेय कोणाचे, याच्या नोंदी त्या काळी कोणी ठेवल्या नाहीत. म्हणून या कार्यकर्त्यांची नावे एकेक करून सांगता येत नाहीत, आणि कोणी एक-दोघांची सांगून बाकीच्यांवर अन्याय करणे बरे नाही. एवढे मोठे स्वयंसेवी काम म्हटले की मतभेद होतातच. इथेही पद्धतीवरून, पैशावरून, शहराला किती महत्त्व द्यायचे यावरून झाले असतील. ते मागे पडले आणि कार्यक्रम होत राहिले.

याच काळात कामाची जी पद्धत बसली, तिला कार्यकर्ते ‘सर्किट’ म्हणतात. एक कलाकार एका भागात येतो आणि तीन-चार दिवसांत पाच-सात संस्थांमध्ये कार्यक्रम करतो. सकाळी एक शाळा, दुपारी एक महाविद्यालय, संध्याकाळी दुसरे गाव. प्रवासखर्च वाटला जातो, मानधन अगदी माफक असते. बाजारात ज्यांची बिदागी कॉलेजच्या वर्षभराच्या सांस्कृतिक निधीहून मोठी, असे कलाकार या माफक मानधनावर येत आले. पं. बिरजू महाराज, पं. शिवकुमार शर्मा, पं. हरिप्रसाद चौरसिया, विदुषी गिरिजादेवी, पंडवानीच्या तीजनबाई यांच्यासारखी मंडळी शाळकरी मुलांपुढे बसली, त्यांचे भाबडे प्रश्न ऐकले, त्यांना उत्तरे दिली. या चळवळीचे निम्मे श्रेय या कलाकारांचे आहे. त्यांच्या औदार्याशिवाय विद्यार्थ्यांची धडपड कुठेच पोचली नसती.

कार्यक्रमाचे स्वरूपही ठरत गेले. आधी थोडे बोलणे, मग गाणे. गायक सांगतो की हा षड्ज, हा तानपुऱ्यातून सतत वाजतो आहे. आता या रागातले पाच स्वर ऐका आणि माझ्यामागून म्हणा. सभागृह म्हणते. तबलजी तीनतालाचे बोल म्हणून दाखवतो आणि मुलांकडून टाळी-खाली धरून घेतो. कथक नर्तिका घुंगरांतून एकच घुंगरू वाजवून दाखवते. सप्रयोग व्याख्यान ही कल्पना आधीपासून होती, पण ती तज्ज्ञांपुढे चाले. इथे ती अजिबात न जाणणाऱ्यापुढे आली.

यातून एक फायदा असा झाला, ज्याची फारशी चर्चा होत नाही. आपल्या बहुतेक मैफली संध्याकाळी होतात. त्यामुळे यमन, पूरिया, मारवा, बागेश्री हे राग रसिकाच्या कानावर वारंवार पडतात. सकाळचे आणि दुपारचे राग मात्र ध्वनिमुद्रिकेतच राहतात. शाळा-कॉलेजच्या वेळापत्रकात कार्यक्रम बसवायचा तर तो सकाळी दहाला किंवा दुपारी एकला होतो. तेव्हा कलाकाराला तोडी मिळतो, जौनपुरी मिळतो, भर दुपारी सारंगाचे प्रकार मिळतात. बाहेर ऊन रणरणत असताना, पंखे बंद ठेवलेल्या हॉलमध्ये वृंदावनी सारंग ऐकलेला विद्यार्थी, तो राग दुपारचा का, हे पुस्तक न वाचता समजून घेतो. वऱ्हाडातल्या उन्हाळ्याची ओळख असलेल्या मुलाला तर ते अधिकच कळेल.

याला जोड मिळाली ती रात्रभर चालणाऱ्या मैफलींची. रात्री नऊला बसायचे आणि उजाडल्यावर उठायचे. दरबारी, मालकंस, मग उत्तररात्रीचे राग, पहाटे ललत आणि शेवटी भैरव. यात्रेत, भजनाला, हरिनाम सप्ताहात रात्र काढणाऱ्या आमच्या लोकांना यात नवल वाटणार नाही. शहरातल्या वसतिगृहातल्या मुलांना ते मोठे नवल होते.

१९९० चे दशक : वाहिन्यांच्या गदारोळात

१९९१ नंतर घरोघर उपग्रह वाहिन्या आल्या. आता कोण ऐकेल, असा प्रश्न साहजिकच पडला. चळवळीने उलट आपला परीघ वाढवला. शास्त्रीय संगीताबरोबर शास्त्रीय नृत्य होतेच. त्यात लोककला, हस्तकला, कुडियाट्टमसारखी प्राचीन नाट्यरूपे, जागतिक कीर्तीचे चित्रपट, योग, वारसास्थळांच्या फेऱ्या असे एकेक जोडले गेले. ‘विरासत’ नावाची मालिका एका गावात काही दिवस चाले. पुढे दिल्लीत मोकळ्या बागेतल्या मैफली सुरू झाल्या.

त्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती गुरुकुल शिष्यवृत्ती. उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या विद्यार्थ्याने थोर कलाकाराच्या किंवा कार्यकर्त्याच्या घरी जाऊन राहायचे. त्याच्याबरोबर उठायचे, पाणी भरायचे, वाद्य पुसायचे, ऐकायचे. तो संगीताचाच विद्यार्थी असावा असे नाही. मैफलीतून गाणे कळते, पण ते गाणे ज्या शिस्तीतून येते ती शिस्त घरात राहिल्याशिवाय दिसत नाही.

महाराष्ट्राशी या चळवळीचे नाते ध्रुपदाच्या वाटेनेही आहे. ज्या डागर घराण्याच्या स्वरांनी डॉ. सेठ यांना हे वेड लावले, त्याच घराण्यातले रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी पनवेलजवळ पळस्पे येथे गुरुकुल उभे केले. रुद्रवीणा हे अवघड आणि दुर्मीळ वाद्य त्यांनी तिथे शिकवले. त्यांचे धाकटे बंधू उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांनी भोपाळला ध्रुपद केंद्रात शिष्य घडवले. दोघा बंधूंकडे शिकलेले पं. उदय भवाळकर पुण्यात राहून शिकवतात. ख्याल आणि नाट्यसंगीतावर पोसलेल्या महाराष्ट्रात ध्रुपद ऐकणारा तरुण वर्ग दिसतो, त्यात या गुरुकुलांचा वाटा आहे आणि कॉलेजांतल्या मैफलींचाही.

आमच्या भागात याच काळात दुसरा एक बदल झाला. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघू लागली आणि पुढे ती तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. चिखलीला अनुराधा अभियांत्रिकी महाविद्यालय आले. विदर्भाच्या शिक्षणाला ज्यांनी वळण दिले त्या डॉ. पंजाबराव देशमुखांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे विज्ञान व कला महाविद्यालय गावात होतेच. १ मे १९८३ पासून अमरावती विद्यापीठ झाले, तेव्हा बुलडाणा जिल्हा नागपूर विद्यापीठातून त्याकडे आला. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात शास्त्रीय गायन, स्वरवाद्य, तालवाद्य अशा स्पर्धा असतात. आमच्या मुलामुली त्यात भाग घेतात, बक्षिसे आणतात. त्यांतल्या पुष्कळांना पूर्ण राग समोर बसून ऐकण्याची संधी स्पर्धेआधी मिळालेली नसते. ही उणीव मुलांची नव्हे, ती भरून काढणे आपले, वडीलधाऱ्यांचे काम आहे.

२००० नंतरचे दशक : नवे नियम

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद झाला. लोकांच्या झोपेसाठी हे आवश्यकच होते, पण रात्रभराच्या मैफलींची महाराष्ट्रातली मोठी परंपरा त्यामुळे आखडली. सवाई गंधर्व महोत्सवालाही आपले वेळापत्रक बदलावे लागले. बंद सभागृहात, मोजक्या श्रोत्यांसमोर, आवाज अगदी कमी ठेवून होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मैफली मात्र रात्रभर चालू शकल्या. उत्तररात्रीचे राग समोर बसून ऐकलेल्या तरुणांत या चळवळीच्या स्वयंसेवकांची संख्या मोठी असावी, असा माझा अंदाज आहे.

२००९ साली डॉ. सेठ यांना पद्मश्री मिळाली. हा सन्मान सगळ्या कार्यकर्त्यांचा, असेच सर्वांनी मानले.

२०१० चे दशक : अधिवेशने

२०११ साली संस्थेला राजीव गांधी राष्ट्रीय सद्‍भावना पुरस्कार मिळाला. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, एखाद्या मोठ्या शैक्षणिक संस्थेत आठवडाभराचे अधिवेशन भरते. आता ते आंतरराष्ट्रीय अधिवेशन म्हणून ओळखले जाते. २०१४ साली ते चेन्नईच्या आयआयटीत झाले होते.

या आठवड्याचा दिनक्रम नीट पाहण्यासारखा आहे. पहाटे, अजून अंधार असताना, नादयोग : सर्वांनी मिळून खर्जाचा अभ्यास. मग योगासने, मग श्रमदान. न्याहारीनंतर प्रत्येकाने निवडलेल्या एका कलेचा वर्ग, तोही त्या कलेतल्या जाणत्या गुरूकडे : कोणी ध्रुपद, कोणी ओडिसी, कोणी मधुबनी चित्रे, कोणी मातीकाम. संध्याकाळी दोन-तीन मोठ्या मैफली. एका रात्री जागरण. शेवटच्या दिवशी शिकलेले सादर करायचे. आठ दिवसांत कोणी कलाकार होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण स्वतः घसा तापवून पाहिलेला मुलगा दुसऱ्याचे गाणे वेगळ्या कानाने ऐकतो.

श्रमदानाचे मोल वऱ्हाडात वेगळे सांगायला नको. गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करत. ऐकण्याच्या जागेची झाडलोट ऐकणाऱ्यानेच करावी, ही रीत आमच्या मातीत शंभर वर्षांपूर्वी रुजलेली आहे. अमरावतीच्या विद्यापीठाला बाबांचे नाव आहे. त्या विद्यापीठाच्या महाविद्यालयांत तर अशी मैफल परकी वाटण्याचे कारणच नाही.

२०२० नंतर : पडद्यावर आणि पुन्हा सतरंजीवर

२०२० साली करोनाने महाविद्यालये बंद झाली. समोरासमोर बसून ऐकणे हाच ज्या कामाचा प्राण, ते थांबले. कार्यक्रम ऑनलाइन झाले, अधिवेशनही पडद्यावर भरले. घराबाहेर पडता येत नसताना गुरू आपल्या खोलीतून आणि विद्यार्थी आपल्या खोलीतून एकत्र षड्ज लावत होते. त्या काळात कार्यकर्त्यांनी हे तुटू दिले नाही, याची नोंद घ्यायलाच हवी. एक लाभही झाला : ज्या गावांत पूर्वी कधी कार्यक्रम झाला नव्हता, तिथल्या मुलांनाही घरबसल्या त्यात येता आले.

टाळेबंदी उठल्यावर, २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी, त्र्याहत्तर वर्षांचे डॉ. सेठ साध्या सायकलवर श्रीनगरहून कन्याकुमारीकडे निघाले. वाटेतल्या शाळा-कॉलेजांत थांबायचे, मुलांशी बोलायचे, साधेपणाने जगण्याचा आणि आपल्या कला जपण्याचा विषय मांडायचा. पंचेचाळीस वर्षांपूर्वी वसतिगृहाच्या खोल्याखोल्यांत जाऊन केलेले काम त्यांनी या वयात गावोगाव जाऊन केले.

२०२३ च्या उन्हाळ्यात अधिवेशन नागपूरला, विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत भरले. विदर्भाच्या दृष्टीने ही या पन्नास वर्षांतली मोठी घटना. मे महिन्याचा नागपुरी उन्हाळा, आणि त्यात देशभरातून आलेली मुले पहाटे उठून स्वर लावतात, हे विदर्भाने आपल्या अंगणात पाहिले. २०२५ साली अधिवेशन हैदराबादच्या आयआयटीत झाले.

या वर्षांनी दुःखही पुष्कळ दिले. २०१७ मध्ये विदुषी किशोरी आमोणकर आणि गिरिजादेवी गेल्या. २०२२ च्या जानेवारीत पं. बिरजू महाराज आणि मे महिन्यात पं. शिवकुमार शर्मा गेले. २०२४ च्या जानेवारीत उस्ताद राशिद खान आणि डॉ. प्रभा अत्रे काही दिवसांच्या अंतराने गेले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात उस्ताद झाकिर हुसेन. ध्वनिमुद्रणे राहिली आहेत, पुढेही राहतील. पण बिरजू महाराजांनी हातवाऱ्यांतून पतंग उडवलेला किंवा शिवकुमारजींनी संतूरवर एकच तार हलकेच छेडलेली ज्या मुलांनी दहा फुटांवरून पाहिली, ती आज पन्नाशीतली माणसे आहेत. कोणी प्राचार्य, कोणी अभियंते, कोणी आईबाप. कोणत्याही गावात नवी शाखा काढायची झाली तर आधी यांनाच शोधावे. ती माणसे लगेच उभी राहतात.

आजचे काम आणि चिखली

आज देशभर शेकडो गावांत, शाळांपासून विद्यापीठांपर्यंत, वर्षाला हजारो कार्यक्रम होतात. त्यांना तिकीट नसते. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाचे आणि इतर संस्थांचे साहाय्य मिळते, पण रोजचे काम अजूनही विनावेतन स्वयंसेवकांच्या खांद्यावर आहे.

एक गोष्ट इथे स्पष्ट मांडली पाहिजे. सर्किट बहुतेक रेल्वेच्या रुळांवरून चालते. कलाकार, साथीदार, तानपुरे, तबल्याच्या पेट्या यांचा प्रवास रेल्वेनेच सोयीचा. म्हणून नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला ही गावे ओघाने वाटेवर येतात. चिखली रुळांवर नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी करता करता आमच्या पिढ्या गेल्या. चिखलीला येणारा कलाकार मलकापूर, शेगाव किंवा जालन्याला उतरेल आणि पुढे गाडीने येईल. ही अडचण आहे, पण ती दोन तासांच्या प्रवासाची आहे. त्यावर तोडगा सोपा : चिखलीने एकटीने न बोलावता बुलडाणा, मेहकर, खामगाव इथल्या महाविद्यालयांना बरोबर घ्यावे. दोन दिवसांत चार कार्यक्रम झाले की कलाकाराचा प्रवास सार्थकी लागतो आणि खर्चही चौघांत वाटला जातो.

बाकी तयारी आमच्या मुलांना नवी नाही. स्नेहसंमेलन करणाऱ्या सांस्कृतिक मंडळाला मंडप, ध्वनिवर्धक, स्वागत, परवानगी हे सारे येते. फक्त काही सवयी बदलाव्या लागतात. ध्वनिवर्धक मोठा नको, चांगला हवा. तानपुऱ्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला पाहिजे. व्यासपीठ फूटभर उंचीचे पुरे, त्यावर पांढरी चादर. पाहुण्यांचे सत्कार आणि भाषणे आधीच्या दिवशी उरकावीत. सुरुवात ठरल्या वेळी व्हावी आणि उशिरा येणाऱ्याने दोन रचनांच्या मध्येच आत यावे. कार्यक्रम चालू असताना फोन बंद. कलाकाराचे जेवण साधे, घरचे. मुक्काम शक्यतो एखाद्या प्राध्यापकांच्या घरी, म्हणजे मुलांना त्यांच्याशी गप्पा मारता येतात. रियाजाला एक शांत खोली लागते आणि वाद्ये लावायला कार्यक्रमाआधी तासभर, त्या वेळी हॉलमध्ये कोणी नसावे.

तारीख ठरवताना परीक्षा पाहाव्या लागतात. हिवाळी परीक्षांचा काळ आणि उन्हाळी परीक्षांचा काळ सोडला तर ऑगस्ट-सप्टेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारी हे महिने उरतात. पहिले सोयीचे, कारण नवे विद्यार्थी नुकतेच आलेले असतात आणि पुढची दोन-तीन वर्षे काम करणारे कार्यकर्ते त्यांच्यातूनच मिळतात. दुसऱ्या वर्षाच्या चार मुलामुलींनी पुढाकार घ्यावा, बरोबर पहिल्या वर्षाचे चार घ्यावेत. एका प्राध्यापकांनी पाठीशी राहावे. प्राचार्यांच्या सहीचे पत्र जवळच्या शाखेकडे जूनमध्येच गेले तर ऑगस्टच्या सर्किटमध्ये चिखलीचे नाव बसवण्याची विनंती वेळेत पोचेल. मैफलीसाठी लागणारा हॉल श्री शिवाजी महाविद्यालयात आहे, अनुराधा अभियांत्रिकी महाविद्यालयातही आहे, आणि सतरंज्या गावातल्या भजनी मंडळांकडे मागितल्या तर ते आनंदाने देतील.